एकाच टबमध्ये मिसळलेल्या झुरळांच्या जाती वेगळ्या कशा करायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेनं झुरळं पाळणाऱ्यांचे जे मेसेज मला येतात, त्यांत एक गोष्ट सारखी येते: "टबमध्ये दोन जाती दिसताहेत, आता काय करू?" उत्तरं देता देता लक्षात आलं की जवळजवळ सगळेच नको असलेली झुरळं वेचून बाहेर काढत बसतात. मी उलटं सांगते. ज्यांची शंभर टक्के खात्री आहे तेवढीच उचला, नव्या टबमध्ये ठेवा आणि तिथून नव्यानं सुरुवात करा. खालची बरीच उत्तरं याच सल्ल्याभोवती फिरतात.

तीन शब्द आधी सांगून ठेवते. "ढाल" म्हणजे झुरळाच्या डोक्यावर टोपीसारखं येणारं कवच. "कुपी" म्हणजे बऱ्याच अंड्यांचं मिळून असलेलं कठीण पाकीट. "पिल्लू" म्हणजे कात टाकत वाढणारं, अजून पंख न आलेलं झुरळ.

१. माझ्या टबमध्ये खरंच दोन जाती आहेत, की नर-मादीच मला वेगळे वाटताहेत?

ही शंका आधी फेडून घ्या, कारण पुष्कळदा गोष्ट इथेच संपते. दुबिया या पाळीव जातीच्या नराचे पंख पाठभर असतात, मादीला मात्र खांद्यापाशी नुसते आखूड तुकडे असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला या दोन जाती वाटल्या तर त्यात नवल नाही. रेड रनर म्हणून विकल्या जाणाऱ्या तुर्कस्तानी झुरळात तर फरक आणखी मोठा आहे: नर पिवळट तपकिरी आणि लांब पंखांचा, मादी काळपट, आखूड पंखांची आणि कडेला सायीच्या रंगाच्या रेघा असलेली. मादागास्करच्या हिसिंग झुरळांत नराच्या ढालीवर दोन ठळक शिंगं असतात, मादीच्या ढालीवर नुसते उंचवटे.

ओळखायची युक्ती अशी. प्रौढ झुरळ हलकेच उलटं करून पोटाचा शेवटचा खंड पाहा. मादीत तो रुंद आणि सलग असतो, नरात लहान आणि अरुंद. आता दोन रूपांची पाच-पाच झुरळं तपासा. एका रूपाचे सगळे नर आणि दुसऱ्या रूपाच्या सगळ्या माद्या निघाल्या, तर ती एकच जात आहे. दोन्ही रूपांत नरही सापडले आणि माद्याही, तर मात्र सरमिसळ झाली आहे.

२. एक पांढरंशुभ्र झुरळ दिसलं. ही वेगळी जात आहे का?

नाही. त्याने नुकतीच कात टाकली आहे. काही तासांत रंग परत येतो. तोवर त्याला हात लावू नका, कवच मऊ असतं आणि सहज इजा होते.

३. दोन जाती एकत्र सुखानं राहताहेत. वेगळ्या करायलाच हव्यात का?

सुखानं राहताहेत असं वाटतं खरं. पण जी जात लवकर वयात येते ती हळूहळू टब व्यापते. दुबियाला वयात यायला उबदार जागेतही साधारण ४ ते ६ महिने लागतात. लॉब्स्टर झुरळ, म्हणजे नॉफीटा सिनेरिया, अडीच-तीन महिन्यांत पिल्लं द्यायला तयार होतं. दोघांना एकच खाऊ आणि एकच आडोसा. वर्षभरानं टब भरलेला दिसतो, पण दुबिया शोधून काढावी लागते.

दुसरा मुद्दा ओलाव्याचा. हिरवं पनामा झुरळ किंवा जमिनीत घुसणाऱ्या जातींना दमट माती लागते. दुबिया कोरड्या तळावर खुशाल राहते. एकाला मानवेल असं वातावरण ठेवलं की दुसऱ्याची कात अडकते किंवा टबमध्ये बुरशी धरते. युब्लाबेरस गटातली झुरळं प्रथिनं कमी पडली की शेजाऱ्यांचे पंख आणि पाय कुरतडतात, हेही ध्यानात ठेवा. आपण ज्यांना आणून डब्यात ठेवलं, त्यांना पळून जायला दुसरी जागा नसते.

४. वेगळ्या जातींचा आपसांत संकर होतो का?

दूरच्या वंशांत होत नाही (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट). दुबिया आणि डिस्कॉइड, दुबिया आणि हिसिंग, लॉब्स्टर आणि रेड रनर या जोड्यांतून पिल्लं होत नाहीत. म्हणून अशी सरमिसळ कितीही जुनी असली तरी निस्तरता येते. एकाच वंशातल्या किंवा अगदी जवळच्या वंशांतल्या जातींचं मात्र वेगळं आहे. त्यासाठी प्रश्न १४ आणि २१ पाहा.

५. टब समोर आहे, हातमोजे घातले आहेत. सुरुवात कुठून करू?

चार डबे लागतील, सगळे गुळगुळीत, उंच भिंतींचे आणि कोरडे. पहिल्यावर लिहा "खात्री", दुसऱ्यावर "थांबा", तिसऱ्यावर "दुसरी जात". चौथा पांढरा, रिकामा ठेवा. तो तपासणीचा. पांढऱ्या तळावर पायांचा रंग, ढालीची कड आणि पोटावरचे ठिपके जितके स्वच्छ दिसतात तितके झुरळांना लपायला टबमध्ये ठेवलेल्या, कोंबडीच्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर कधीच दिसत नाहीत. शेजारी टॉर्च आणि मऊ ब्रश असू द्या.

एक अंड्यांचा ट्रे उचला, तपासणीच्या डब्यावर धरून दोनदा ठोका. पडलेल्यांपैकी फक्त प्रौढ पाहा. ज्याचं वर्णन हव्या असलेल्या जातीशी तंतोतंत जुळतं ते "खात्री"च्या डब्यात जाईल. उघडउघड दुसऱ्या जातीचं असेल ते तिसऱ्या डब्यात. बाकी सगळं, पिल्लं धरून, "थांबा"मध्ये. एका झुरळावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त घुटमळलात तर ते खात्रीचं नाही, पुढे चला.

"खात्री"च्या टबमध्ये जुना ट्रे, जुनी माती, जुनं खाण्याचं भांडं, काहीही न्यायचं नाही. पुठ्ठ्याच्या थरांत एखादं इवलंसं पिल्लू किंवा चिकटलेली कुपी सहज लपते आणि मग सगळी मेहनत वाया जाते. तळ कोरा ठेवा, नवे ट्रे उभे लावा. एका बैठकीत तास-दीड तासापेक्षा जास्त काम करू नका. डोळे थकले की आपण "असेल बहुतेक" म्हणायला लागतो आणि तिथेच चूक होते.

नाका-तोंडावर मास्क लावा. झुरळांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि कातीची धूळ दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना खरोखर त्रास देते.

६. पिल्लं सगळी सारखीच दिसतात. ती कशी ओळखायची?

ओळखूच नका. पिल्लांचा रंग प्रत्येक कातीनंतर बदलतो. एकाच मादीच्या पिल्लांतही गडद-फिकट फरक असतो, आणि पडद्यावरच्या फोटोवरून लावलेला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. त्यांना "थांबा"च्या डब्यात नीट खाऊपाणी देऊन वाढवा. प्रौढ झाली की पंख आणि ढाल पाहून आठवड्यातून एकदा निवडा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला नियम असा: पंख फक्त प्रौढालाच येतात. दोन सेंटिमीटरच्या झुरळाला पूर्ण पंख दिसले तर ते पूर्ण वाढलेलं आहे आणि त्याची जातच लहान आहे. ते चार सेंटिमीटर वाढणाऱ्या दुबियाचं पिल्लू असूच शकत नाही. पिल्लांच्या गर्दीत टॉर्च फिरवताना असा एखादा पंखवाला बुटका चमकला की समजावं, टबमध्ये दुसरी जात आहे.

७. काचेवर चढण्याची चाचणी कितपत भरवशाची?

एका बाजूनं भरवशाची, दुसऱ्या बाजूनं नाही. लॉब्स्टर, हिसिंग, जर्मन आणि अमेरिकन झुरळं स्वच्छ काचेवर सरळ चढतात, कारण त्यांच्या नखांमध्ये चिकट गादी असते. दुबिया, डिस्कॉइड आणि रेड रनर चढू शकत नाहीत. म्हणजे काचेवर चढलेलं झुरळ दुबिया नाही, हे पक्कं. पण न चढलेलं झुरळ दुबियाच असेल असं नाही, ते डिस्कॉइडही असू शकतं.

चाचणी नीट करायची तर काचेची बरणी धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. झुरळ आत सोडा, झाकण लावा, दहा-पंधरा मिनिटं पाहा. भिंतीवर धुळीचा किंवा विष्ठेचा थर असला तर न चढणाऱ्यालाही पाय रोवायला जागा मिळते. "माझी दुबिया चढायला लागली" अशी तक्रार आली की मी आधी टब पुसायला सांगते, आणि पुष्कळदा पुसल्यावर ती थांबते. उलट म्हातारं किंवा पायाचं टोक तुटलेलं हिसिंग झुरळ चढणाऱ्या जातीचं असूनही घसरतं. एका झुरळावरून निकाल देऊ नका.

८. चाळणीनं पटकन वेगळी होणार नाहीत का?

चाळणी आकार वेगळे करते, जाती नाही. मोठी प्रौढ वर ठेवून बारीक सगळं "थांबा"च्या डब्यात पाडायला ती उत्तम. त्यापुढे तिच्यावर विसंबू नका. जोरात हलवू नका, मिशा आणि पाय जाळीत अडकून तुटतात.

९. दुबिया आणि डिस्कॉइड मिसळली आहेत. फरक कसा करायचा?

माद्यांपासून सुरुवात करा. दुबियाच्या प्रौढ मादीला पाठभर पंख कधीच नसतात. डिस्कॉइडमध्ये नर-मादी दोघांनाही असतात. म्हणून पूर्ण पंखांची मादी दिसली (शेवटचा खंड कसा पाहायचा ते प्रश्न १ मध्ये आहे) तर ती डिस्कॉइड. नरांकडे जाल तेव्हा ढाल पाहा. डिस्कॉइडच्या फिकट ढालीच्या मधोमध मोठा काळा डाग असतो आणि भोवती फिकट कड राहते. दुबिया एकंदरीत गडद असते आणि अंगावर नारिंगी छटेचे ठिपके असतात. पिल्लांच्या बाबतीत प्रश्न ६ मधला सल्ला पाळा. या दोन जातींची छोटी पिल्लं ठामपणे ओळखल्याचा दावा मी करणार नाही.

काही प्रदेशांत हा फरक कायद्याचाही आहे. अमेरिकेत फ्लोरिडात दुबियावर निर्बंध असल्यामुळे तिथले लोक डिस्कॉइड पाळतात. तिथे कुणाला "डिस्कॉइड" म्हणून मिश्र टब दिला तर घेणाऱ्याची अडचण होते. आपल्या भागातले नियम आधी वाचून घ्या.

१०. कोको पीटच्या (नारळाच्या भुशाच्या) थरात बारीक, काळी, चकचकीत झुरळं सापडली. कितीही वेचली तरी परत येतात. काय आहेत ही?

बहुधा सुरिनाम झुरळ, पिक्नोसेलस सुरिनामेन्सिस. प्रौढ साधारण दोन सेंटिमीटरचं, पंख गडद तपकिरी, ढाल काळी आणि पुढच्या कडेला फिकट रेघ. पिल्लाची खूण तर विसरता येणार नाही अशी: अंगाचा पुढचा भाग चकचकीत, पोटाचा मागचा भाग मात्र मळकट आणि खरखरीत. जणू अर्ध्याच अंगाला पॉलिश केलं आहे.

हे झुरळ परत परत का येतं, तर त्याच्या माद्यांना नराची गरजच नाही. एकटी मादी माद्यांना जन्म देते, त्या पुढच्या माद्यांना. मातीत राहिलेलं एक पिल्लू पुरतं. कुंडीतल्या मातीतून, झाडाच्या मुळांबरोबर, कुणी दिलेल्या मूठभर कोको पीटमधून ते येतं आणि दिवसभर मातीखाली असल्यामुळे महिनोन् महिने दिसतही नाही.

माझ्या एका हिसिंगच्या टबमध्ये हे झालं होतं. पाच आठवडे मी रोज रात्री टॉर्च घेऊन वेचत होते. रोज वाटायचं, आज संपली. सहाव्या आठवड्यात ओलसर लाकडाचा एक तुकडा उलटला आणि त्याखाली वीस-पंचवीस पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली दिसली. त्या रात्री वेचणं सोडलं. फक्त प्रौढ हिसिंग झुरळं एकेक करून उचलली, पोटाखाली आणि पायांच्या बेचक्यात ब्रश फिरवून मातीचे कण झटकले आणि कोऱ्या, माती नसलेल्या टबमध्ये ठेवली. पाण्याची वाटी आणि ट्रे एवढंच आत. जुनी माती लाकडासकट पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये गेली. कोऱ्या तळावर लपायला जागा नसते, त्यामुळे चुकून आलेलं एखादं पिल्लू दुसऱ्या दिवशीच दिसतं. तसं एक दिसलंही, आणि ते शेवटचं.

हवी असलेली जातच मातीत राहणारी असेल तर काम अवघड होतं. तेव्हा प्रौढ झुरळं काही आठवडे ओल्या टिश्यूवर ठेवून रोज तपासावी लागतात आणि मगच नवी, गोठवून घेतलेली माती द्यायची.

११. टबमध्ये कुप्या सापडल्या. दुबिया तर पिल्लंच देते ना?

बरोबर. दुबिया, डिस्कॉइड, हिसिंग, लॉब्स्टर आणि सुरिनाम या सगळ्यांची कुपी मादीच्या पोटातल्या पिशवीत राहते आणि पिल्लं थेट बाहेर येतात. त्यामुळे फक्त या जातींच्या टबमध्ये कडक, गडद, बटव्याच्या आकाराची कुपी मिळाली तर ती परक्याची: रेड रनर, अमेरिकन किंवा तशीच कुपी टाकणारी एखादी जात.

एक अपवाद आहे. घाबरलेली किंवा आजारी मादी कधी कधी अपुरी कुपी टाकून देते. ती मऊ, पिवळट असते आणि लवकरच सुकून आक्रसते. तिच्यातून काही निघत नाही. वेगळं करण्याच्या धांदलीत असं एखाद-दुसऱ्या मादीचं होतं. म्हणूनच एका बैठकीत फार हाताळू नका म्हणते.

१२. दुबियाच्या मागून पिवळी नळी बाहेर आली आहे. ही अंडी घालणारी जात निघाली का?

नाही. ती नवी तयार झालेली कुपी आहे. मादी ती बाहेर काढते, फिरवते आणि परत पोटात ओढून घेते. तिला त्या वेळी एकटं सोडा. उचललंत तर ती कुपी टाकून देण्याची भीती असते.

१३. मला हवी असलेली जात कुपी टाकणारी आहे. माझं काम जास्त अवघड आहे का?

उलट तुमचं काम सगळ्यात सोपं आहे! कुपीत दुसऱ्या जातीचं अंडं असू शकत नाही. खात्रीच्या माद्या एका कोऱ्या डब्यात ठेवा आणि त्यांनी टाकलेल्या कुप्या आठवड्यातून एकदा उचला. मऊ कोरड्या ब्रशनं पुसून, स्वच्छ डब्यात, उबदार जागी, शेजारी थोडा ओलावा ठेवून उबवा. त्या डब्यात जन्मलेलं प्रत्येक पिल्लू तुमच्याच जातीचं. रेड रनरची सरमिसळ झाली तर मी प्रौढांच्या मागे लागतच नाही, कुप्यांवरूनच नवी कॉलनी उभी करते. कुपी बोटांत दाबून पाहण्याचा मोह टाळा. पोकळ असेल तर ती टॉर्चसमोर धरल्यावरही कळते.

१४. हिसिंग झुरळांच्या दोन जाती मिसळल्या. प्रौढ निवडून काम होईल का?

इथे मनापासून सांगते, बहुधा नाही. ग्रॉम्फाडोरिना आणि प्रिन्सिशिया या जवळच्या गटांत संकर होतो आणि संकरित पिल्लंही पुढे प्रजा देतात. "पोर्टेंटोसा" या ग्रॉम्फाडोरिनातल्या जातीच्या नावानं हातोहात फिरणारी कितीतरी हिसिंग झुरळं आधीच मिश्र आहेत. प्रिन्सिशियाच्या नराच्या ढालीला पुढच्या कडेला खोल खाच असते. पण टबमध्ये अर्धवट खाचेचे नर दिसू लागले, की जाती वेगळ्या करायची वेळ निघून गेली. ब्लाबेरस वंशात, म्हणजे डेथ्स हेड आणि तिच्या जवळच्या जातींतही, हेच घडतं.

सरमिसळ कालपरवाची असेल तर एक मार्ग उरतो. प्रौढ मादी आधी कुणाशी जुळली आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून प्रौढ माद्या घ्यायच्याच नाहीत. एकत्र ठेवण्याआधी जन्मलेली, शेवटची एक-दोन कात बाकी असलेली मोठी पिल्लं घ्या आणि प्रत्येक वेगळ्या डबीत वाढवा. डबीतच प्रौढ झालेली मादी कोरी असते. जात पक्की ठरली की तिला त्याच जातीचा नर द्या.

हे शक्य नसेल तर टबवर "मिश्र हिसिंग" असं ठळक लिहा. पाळायला ती तितकीच छान असतात. फक्त शुद्ध म्हणून कुणाला देऊ नका, त्यातून पुढच्या दहा जणांच्या कॉलनी बिघडतात.

१५. खात्रीची मादी एकटीच ठेवली होती, नर नव्हता. तरी पिल्लं झाली. चूक झाली का?

चूक झालेली नाही. ती आधीच गाभण असेल. दुबियात पिल्लं यायला साधारण दोन महिने लागतात आणि एका खेपेला २० ते ४० पिल्लं होतात. शिवाय झुरळाची मादी नराचं वीर्य साठवून ठेवते, त्यामुळे एका मिलनावर पुढच्या खेपाही होऊ शकतात. दूरच्या वंशांची सरमिसळ होती तर ही पिल्लं निर्धास्त तुमच्याच जातीची समजा. जवळच्या जातींची होती तर प्रश्न १४ लागू होतो.

१६. रेड रनर हातात टिकतच नाहीत. फ्रिजमध्ये ठेवून थंड केली तर चालेल का?

चालेल, पण बेतानं. झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या साध्या कप्प्यात पाच-दहा मिनिटं. फ्रीझरमध्ये कधीही नाही. बाहेर काढल्यावर डब्याला आतून पाणी सुटतं, ते लगेच टिपा. ओल्या भिंतीवर लहान पिल्लं चिकटून मरतात. थंडावलेली झुरळं काही मिनिटंच सुस्त राहतात, तेव्हा थोडी थोडी काढा. कात टाकणारी किंवा पांढरी दिसणारी झुरळं थंड करू नका.

१७. घरातली झुरळंच टबमध्ये शिरली असतील तर?

असं होतं. उबदार जागा आणि खाऊ त्यांना हवाच असतो. जर्मन झुरळ दीड सेंटिमीटरच्या आसपास, फिकट तपकिरी, ढालीवर दोन उभ्या काळ्या रेघा. त्याची मादी कुपी अंडी फुटायच्या बेतात येईपर्यंत पोटाशी धरून फिरते आणि एका कुपीत ३० ते ४० अंडी असतात. अमेरिकन झुरळ चार सेंटिमीटरपर्यंत, लालसर, ढालीला पिवळट कड.

या एका बाबतीत मी वाट पाहायला सांगत नाही. जर्मन झुरळ ओळखू आलं की त्याच दिवशी "खात्री"चे प्रौढ हलवा आणि बाकी सगळा टब, "थांबा"च्या डब्यातल्या पिल्लांसकट, गोठवा. ती पिल्लं गमावताना वाईट वाटतं, मलाही वाटलं आहे. पण घरभर पसरलेली जर्मन झुरळं मारायला औषध फवारावं लागतं आणि त्याच औषधानं पाळलेली कॉलनीही जाते.

१८. टबमध्ये पांढरे बारीक किडे फिरताहेत. ही कुणाची पिल्लं?

झुरळांची नाहीत. आठ पाय असतील तर माइट, टुणकन उडाले तर स्प्रिंगटेल. हिसिंग झुरळांच्या अंगावर राहणारे माइट त्यांना अपाय करत नाहीत. खाण्याच्या भांड्यापाशी माइट खूप वाढले असतील तर ओलावा कमी करा, उरलेला खाऊ रोज काढा.

१९. नवी कॉलनी स्वच्छ झाली असं कधी म्हणायचं?

"खात्री"च्या टबमध्ये जन्मलेली एक पिढी पंख येईपर्यंत वाढली आणि तिच्यात एकही परकं निघालं नाही, म्हणजे झाली. दुबियात याला सहा-आठ महिने जातात. दोन महिने काही दिसलं नाही म्हणून घाई करू नका, लपलेलं पिल्लू तेवढ्यात प्रौढही झालेलं नसतं. तोवर या टबमधून कुणाला झुरळं देऊ नका आणि दोन टबांचे चिमटे, ब्रश, ट्रे वेगळे ठेवा. काचेवर चढणारी जात त्याच खोलीत असेल तर तिच्या टबच्या वरच्या कडेला आतून चार बोटं पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावा.

२०. उरलेल्या नको असलेल्या झुरळांचं काय करू? बाहेर सोडली तर?

बाहेर कधीही सोडू नका. रेड रनर म्हणून आपण ओळखतो ते झुरळ अमेरिकेत १९७८ साली कॅलिफोर्नियात पहिल्यांदा आढळलं. पुढे ते नैर्ऋत्येच्या राज्यांत पसरलं आणि तिथे ओरिएंटल झुरळाची जागा घेऊ लागलं.

जागा असेल तर त्यांचा वेगळा टब करा. कुणाकडे सरडे किंवा कोळी असतील तर खाद्य म्हणून देता येतात, पण "मिश्र" हे सांगूनच. नाही तर घट्ट बंद पिशवीत फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना तीन दिवस. जुनी माती आणि ट्रेसुद्धा असेच गोठवून मग टाका. पिशवी भरण्याआधी तिच्यात आपली कुणी राहिली नाहीत ना, हे एकदा शांतपणे पाहून घ्या.

२१. माझ्याकडे दोन प्रकारची डोमिनो झुरळं मिसळली आहेत. त्यांना कोणता नियम लागतो?

थेरिया वंशातली ही झुरळं मूळ भारतातली. थेरिया पेटिव्हेरियानाच्या काळ्या अंगावर पांढरे गोल ठिपके असतात. थेरिया ओलेग्रँडजीनीच्या पंखांवरची पांढरी खूण प्रश्नचिन्हासारखी. प्रौढ वेगळे करणं त्यामुळे सोपं आहे. गोची मातीत आहे. माद्या कुप्या मातीत विखरून टाकतात, त्या सारख्याच दिसतात आणि पिल्लंही मातीखाली वाढतात. जातही जवळची, म्हणून प्रौढ मादीवर विसंबता येत नाही.

तेव्हा प्रश्न १३ मधली कुप्यांची सोपी वाट इथे बंद आहे. जुनी माती न टाकता तशीच एका डब्यात ठेवा. त्यातली मोठी पिल्लं एकेकटी वाढवा आणि प्रौढ झाल्यावर ठिपके पाहून जोड्या लावा. खूण धड गोल नाही, धड प्रश्नचिन्ह नाही अशी निघाली तर तिला जोडी देऊ नका. प्रौढ काही महिनेच जगतात. मातीतली सगळी पिल्लं वर यायला मात्र वर्षाहून जास्त लागू शकतं. तेवढा वेळ तो डबा ओलसर ठेवायची तयारी हवी.

२२. सगळं निवडल्यावर माझ्या हाती फक्त तीन प्रौढ उरली. एवढ्यांवर कॉलनी उभी राहते का?

त्या तिघांत एक गाभण मादी असेल तर राहते. दुबियाची एक मादी पहिल्या वर्षातच टबचा तळ हलता करते. पुढच्या वर्षी दुसऱ्या, खात्रीच्या ठिकाणाहून दोन-चार नर आणून मिसळा. त्यांना आधी दोन महिने वेगळं ठेवा, खालचा कागद पांढरा, आणि रोज सकाळी त्यावर काय पडलं आहे ते पाहा.